कुदळमामांनी झाकलेला हौद

दिनांक ३ मार्च. नऊ हजार सातशे चाळीस रुपये.

एवढी रक्कम मोजून कुदळमामांनी जुन्या सामानाच्या बाजारातून एक पोहण्याचा तलाव विकत घेतला आणि हातगाडीवर घालून घरी आणला. तलाव हातगाडीवर कसा मावला, असं वाटेत तिघांनी विचारलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यात ताणून बसवायचं जाड निळं प्लॅस्टिकचं कापड आणि एक लहानसा पंप, एवढाच तो ऐवज. उन्हाळ्यापुरता परसात उभा करायचा, पाणी भरायचं, मोसम संपला की घडी घालून माळ्यावर टाकायचा. रुंदी बारा फूट, उंची साडेतीन फूट. घरात त्याला तलाव कोणी म्हटलं नाही, हौदच म्हटलं.

पोहण्याची हौस त्या घरात कुणालाच नव्हती. हौद आणला तो बेबीच्या गुडघ्यासाठी. बेबी म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, वय एकोणतीस. बारा जानेवारीला तिच्या नवऱ्याने तिला जिन्यावरून ढकललं. ती खाली पडल्यावर तो सावकाश जिना उतरून आला आणि तिच्या उजव्या गुडघ्यावर त्याने लोखंडी पान्याचे दोन घाव घातले. तो ट्रक दुरुस्त करायचा, हातभर लांबीचा पाना त्याच्याजवळ असायचाच. पहिल्या घावाला गुडघ्याची वाटी फुटली. दुसरा का घातलास, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पहिला नीट बसला की नाही, कळलं नाही."

बेबीला माहेरी आणलं तेव्हा पायात तारा होत्या आणि पाय काठीसारखा सरळ होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "जमिनीवर अंगाचा भार त्या गुडघ्याला झेपणार नाही. पाण्यात चालवा. कमरेच्या वर पाणी, रोज एक तास, तीन महिने. आत्ता वाकला तर वाकला. नंतर मी काही करू शकणार नाही."

दुसरी बाई होती वकीलबाई. जावई जामिनावर सुटला होता, बेबीच्या जवळपास फिरकायचं नाही या अटीवर. खटल्याची तारीख चोवीस जून. वकीलबाईंनी फाइल मिटली आणि मामांकडे बोट केलं. "मामा, तुमची कीर्ती ऐकलीय मी. तो तुम्हाला डिवचणार, हे धरून चाला. तुमचा एक हात उठला की त्याचे दोन्ही हात सुटले. मग त्याचा वकील म्हणेल, घरंच तसं आहे, दोन्हीकडून मारामारी आहे, समजुतीने मिटवा. आणि मुलीला परत त्याच जिन्यावर पाठवतील. चोवीस जूनपर्यंत हात खिशात."

"माळीकाम करणाऱ्याला खिसा कुठला?" मामा म्हणाले.

"शिवून घ्या."

ही कीर्ती काय होती ते सांगायला हवं, कारण कुदळ हे काही त्यांच्या आईने ठेवलेलं नाव नव्हे. सतराव्या वर्षी ते खड्डे खणायच्या कामावर होते. जोडीदाराने आईवरून शिवी दिली. मामांनी हातातली कुदळ उलटी करून तिचा बोथट भाग त्याच्या पावलावर घातला. तीन बोटं गेली. आधी खणायचं आणि मग विचारायचं, असा माणूस म्हणून लोक कुदळ म्हणू लागले आणि वय वाढलं तसं मागे मामा जोडलं. पुढे दोऱ्याच्या गिरणीच्या बागेत माळीकामाला लागले, त्याला आता एकतीस वर्षं झाली. हातात गुण असा की वाळकी काठी खोचली तरी पालवी फुटायची. पण त्याच हाताने एकदा हजेरी लिहिणाऱ्याच्या कानशिलात बसली आणि दोन पगारवाढी गेल्या.

घरीही हात चालायचा. हे सांगितलं नाही तर हकिगत अर्धी राहील. लग्नानंतरची आठ वर्षं मामींनी मार खाल्ला. नवव्या वर्षी एका सकाळी त्यांनी चुलीवरचं तापलेलं उलथनं मामांच्या मनगटावर दाबून धरलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आज मनगट. पुढच्या वेळी डोळा." तेव्हापासून मामींवर हात उठला नाही. बेबीवर मात्र उठायचा. उशिरा आली म्हणून, गुण कमी पडले म्हणून, कधी नुसतंच ऊन फार झालं म्हणून. पट्टा दाराच्या मागे खिळ्याला असायचा.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर बेबी बापाला म्हणाली होती, "बाबा, त्याने मारलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. आवाज ओळखीचा वाटला." मामा खोलीबाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. परिचारिकेने दोनदा बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा हलले. घरी आल्यावर त्यांनी खिळ्यावरचा पट्टा काढला आणि त्याचे तुकडे करून बागेतल्या कलमांना बांधायला वापरले.

हौद उभा राहिला, दहा हजार लिटर पाणी भरलं आणि बेबीने त्यात उतरायला साफ नकार दिला.

परसाच्या मागे गल्ली होती आणि मध्ये कमरेएवढी भिंत. निळा रंग असा भडक की गल्लीच्या टोकावरून दिसावा. जावयाची मोटारसायकल त्या टोकाला दोनदा दिसली होती. अट मोडेल इतका जवळ तो येत नव्हता. नुसता उभा राहायचा आणि कंगव्याने केस विंचरायचा.

"मी तिथे ओल्या कपड्यांत उभी राहणार नाही," बेबी म्हणाली. "सगळ्या गल्लीला दिसतंय ते. मला कुणी बघायला नको."

"मग झाकतो," मामा म्हणाले.

"किती लागतील?" मामींनी विचारलं. घरातल्या पैशांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती.

"दोन हजारांत बसवतो. तलाव आहे हे तुझ्या बापालासुद्धा कळणार नाही."

"माझा बाप मेलाय."

"म्हणूनच म्हटलं."

मामांनी ते काम ज्या ईर्ष्येने केलं तशा ईर्ष्येने गिरणीची बागही कधी केली नव्हती. आधी निळ्या कापडाभोवती बांबूच्या जुन्या चटया बांधल्या. त्या चटईवाल्याकडच्या वापरलेल्या, बाराशेला आठ. गिरणीच्या गोदामामागे मोडक्या खोक्यांच्या फळ्या पडल्या होत्या, त्या रखवालदाराच्या परवानगीने आणून हौदात उतरायच्या पायऱ्या केल्या. रंगाचे रिकामे डबे शेणकट तपकिरी रंगवून त्यांत क्रोटन लावले. घराकडून हौदापर्यंत फुटक्या फरशांची वाट केली, कोपरे बाहेर येतील तशा तिरप्या. काटेरी झाड एकही घेतलं नाही, बांबूची मुळी कापडात घुसेल म्हणून बांबूही नाही. गिरणीत छाटून टाकलेल्या कर्दळीचे कंद रोज सायकलच्या पिशवीतून येत होते. त्याला पैसा पडला नाही.

पण कर्दळीला माती हवी. आणि माळ्याला एकदा माती दिसली की तो थांबत नाही. शेजारी पाया खणत होते, ती माती फुकट मिळाली. मामांनी ती घमेल्या-घमेल्याने गल्लीकडच्या भिंतीपासून थेट हौदाला टेकवली. भिंतीच्या माथ्यापासून हौदाच्या काठापर्यंत हिरवा उतार झाला. त्यावर कर्दळ, कर्दळीच्या पायाशी गवती चहा. जमिनीच्या वर उभा असलेला हौद टेकडीत खोदल्यासारखा दिसू लागला.

शेजारचा शिंपी आपल्या गच्चीवरून हे रोज बघायचा. एके दिवशी तो ओरडला, "मामा, ते कापड आहे. कापडाला शिवणीवर एवढा भार देत नाहीत. दुकानदाराने काही टेकवू नका म्हणून सांगितलं नव्हतं का?"

"तू काजं-बटणं कर. मला माती शिकवू नकोस."

"मी कापड शिकवतोय."

"तुझी पँट मागून फाटते, आधी ती शिक."

शिंपी हसत खाली गेला. मातीने हौदाला काही झालं नाही. कापड भक्कम निघालं. चूक वेगळीच होती आणि ती शिंप्याला गच्चीवरून दिसली नाही, मामांना जमिनीवरून दिसली नाही.

पंचवीस मार्चला बेबी पाण्यात उतरली. मामींच्या खांद्याला धरून, ओठ दाताखाली दाबून. पहिल्या दिवशी अडीच फेऱ्या. एप्रिल संपेपर्यंत ती एकटीने चाळीस फेऱ्या मारू लागली. गुडघा आधी बोटभर वाकायचा, मग वीतभर. मामी लांब बांबूला बांधलेल्या जाळीने पाण्यावरची पानं काढायच्या आणि बेबी फेऱ्या मोठ्याने मोजायची. गल्लीतून जाणाऱ्याला फक्त कर्दळीचं बेट दिसायचं आणि आतून कुणीतरी आकडे म्हणतंय एवढं ऐकू यायचं. हौद केल्यावर पहिल्यांदा ती हसली ते मामांनी कर्दळीआडून पाहिलं आणि पाण्याचा पाइप विनाकारण दुसऱ्या झाडाला लावला.

नऊ मे, दुपारचे सव्वाचार. मामा गिरणीतून सायकलवर आले. कमरेला छाटणीची वाकडी सुरी होती, ती रोजच असायची. दारात सायकल लावतानाच त्यांना आकडे ऐकू आले. "एकतीस." मग थोड्या वेळाने "बत्तीस." तेहतीस आलंच नाही.

त्याऐवजी पाण्याचा धबाका आला.

मामा फुटक्या फरशांवरून धावले. जावई हौदात होता. बुटांसकट. त्याने एका हाताने बेबीचे केस मुठीत धरले होते आणि दुसऱ्या हाताने तिची मान पाण्याखाली दाबली होती. बेबीचे हात पाण्यावर आपटत होते, तिची नखं त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे काढत होती आणि पाणी गुलाबी होत होतं. त्याने तिला केसांनी वर काढलं, श्वास घेऊ दिला आणि पुन्हा दाबलं.

"तक्रार मागे घे," तो म्हणत होता. "मागे घे म्हणतो ना." वर काढायचं, विचारायचं, उत्तर यायच्या आत दाबायचं.

मग त्याला मामा दिसले.

"या सासरेबुवा," तो म्हणाला. "छान पायऱ्या बांधल्यात. भिंतीवर पाय ठेवला, तुमच्या मातीवर ठेवला, थेट आत. कुणी बघितलंसुद्धा नाही."

मामांची नजर मागे गेली. भिंतीपासून काठापर्यंत कर्दळ मोडलेली होती आणि ओल्या मातीत बुटांचे सहा ठसे होते. माती नसती तर साडेतीन फुटांचा लपलपता काठ चढताना तो पडला असता. पडदा नसता तर गल्लीतल्या कुणी हाक मारली असती. दोन्ही मामांनी स्वतः केलं होतं, तेही पैसे वाचवून.

"बघता काय? या ना आत," जावई म्हणाला. "मारा. तुम्हीच तर शिकवलंत हिला. माझ्याकडे आली तेव्हा मार खायला तयारच होती."

सुरी मामांच्या हातात कधी आली ते त्यांना कळलं नाही. बेबीचे हात आता आपटत नव्हते. नुसते तरंगत होते. मामांना आपला हात ठाऊक होता. आत उडी मारली तर तो हात एका घावावर थांबणार नव्हता. तो कधीच थांबला नव्हता. आणि बारा फूट पाणी कापत तिथे पोचेपर्यंत किती वेळ जाईल, तेही ठाऊक होतं.

ते हौदाच्या घराकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसले. चटई एका हिसक्यात उपटली. निळ्या कापडात काठाच्या खाली सुरी मुठीपर्यंत खुपसली आणि दोन्ही हातांनी खाली ओढली.

पुढचं काम पाण्याने केलं. कापड बंदुकीच्या बारासारखा आवाज करत टराटरा फाटलं. दहा हजार लिटर पाणी एकदम बाहेर पडलं आणि मामांना उताणं पाडून दहा फूट मागे घेऊन गेलं. नळ्या वाकल्या, एक सांध्यातून उखडून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेली. मागची माती हौदावर कोसळली. त्या लोंढ्यात बेबी आणि जावई दोघंही बाहेर फेकले गेले. बेबी गवतात पडली, कुशीवर. जावई तोंडावर पडला तो फुटक्या फरशीच्या कोपऱ्यावर, आणि त्याचं कपाळ भुवईपासून केसांपर्यंत उकललं.

तो उठू लागला. रक्ताने एक डोळा मिटला होता, तरी तो बेबीकडेच सरकत होता. त्याने तिचा तोच पाय धरला, उजवा, आणि पिरगळला. बेबी किंचाळली. निदान श्वास चालू आहे, एवढं त्या किंचाळीने सांगितलं.

मामा त्याच्यापासून दोन हातांवर चिखलात होते. सुरी हातात होती. त्यांनी ती भिंतीपलीकडे भिरकावली. मग चिखलात बसकण मारली आणि आपले दोन्ही हात स्वतःच्या बुडाखाली घालून त्यांच्यावर बसले. "अगं ए!" ते घराच्या दिशेने ओरडले. "अगं, मी बसलोय! ये लवकर!"

मामी स्वयंपाकघरातून धावत आल्याच होत्या. त्यांच्या हातात दाराशी टेकवलेला जाळीचा बांबू होता. पहिला फटका त्यांनी जावयाच्या मनगटावर घातला, बेबीचा पाय सुटला. दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज शिंप्याला गच्चीवर ऐकू गेला. मग खांदा, पाठ, पुन्हा खांदा. जावई हात वर करून सरपटत मागे जाऊ लागला तशा मामी त्याच्याबरोबर पुढे जात राहिल्या.

"अहो, पुरे," मामा हातांवर बसून म्हणाले. "वकीलबाई..."

"वकीलबाईंनी तुमचं नाव घेतलं होतं. माझं नाही."

बांबू मधोमध चिरला तेव्हा बेबी ओकारी देत पाणी टाकत होती. तिने मान वर केली. "आई, बस कर," ती म्हणाली. "तो आवाज बंद कर."

मामी थांबल्या. मामांनी डोळे मिटून घेतले.

शिंप्याने तोवर पोलिसांना फोन केला होता. ते आले तेव्हा जावई भिंतीशी पडला होता, मामी चिरलेला बांबू घेऊन त्याच्यावर पहारा देत होत्या आणि मामा अजून तसेच बसलेले होते. शिपायाने उठायला सांगितलं. मामांना उठता येईना, हात बधिर झाले होते.

चोवीस जूनला वकीलबाईंना वाटलं होतं त्याहून जास्त प्रश्न विचारले गेले. जावयाच्या वकिलाने मामांना उभं केलं.

"सुरी कोणाच्या हातात होती?"

"माझ्या."

"वापरलीत?"

"वापरली."

"कोणावर?"

"हौदावर."

फाटलेलं निळं कापड कोर्टात आणलं होतं. शिंप्याची साक्ष झाली. त्याने कापड हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि सांगितलं, सुरीने कापलंय ते एवढं हातभर, त्यापुढचं आपोआप फाटलंय. कापलेल्या कडा सरळ असतात, फाटलेल्यांना दोरे सुटतात. सुरी माणसावर चालवायची असती तर काप या घराकडच्या बाजूला नसता, जावई उभा होता त्या समोरच्या बाजूला असता. आणि मामा हातांवर बसले होते ते त्याने गच्चीवरून बघितलं होतं. वरून काहीच झाकलेलं नव्हतं.

मग मामींना विचारलं, तुम्ही किती फटके मारले?

"मी काय हिशेबनीस आहे?" मामी म्हणाल्या. "पाय सुटेपर्यंत मारले, आणि थोडे वर."

न्यायाधीशांनी ते वरचे थोडे पोटात घातले. जामिनाची अट मोडून घरात घुसला आणि जीव घ्यायला निघाला, म्हणून जावयाला दोन्ही गुन्ह्यांची मिळून सात वर्षं झाली. घटस्फोटाचा अर्ज वकीलबाईंनी त्याच आठवड्यात दाखल केला.

गुडघ्याचं काम मात्र पूर्ण झालं नाही. त्या दुपारी एक तार आतून सरकली, पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर पाण्याचे उरलेले दिवस मिळाले नाहीत. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, जेवढा वाकला तेवढा वाकला. बेबी आता औषधांच्या दुकानात हिशेब बघते, उंच स्टुलावर बसून, उजवा पाय सरळ ठेवून. घरी येताना चढ लागला की थांबते. मामा सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालतात. एकदा तिने त्यांना विचारलं, "बाबा, तेव्हा तुम्हाला त्याला मारावंसं नाही वाटलं?"

"वाटलं," मामा म्हणाले. "म्हणून तर बसलो."

थोडं पुढे गेल्यावर तिने त्यांच्या सायकलच्या हँडलवर आपली पिशवी अडकवली.

त्या दिवशीच्या लोंढ्याबरोबर माती गल्लीच्या गटारात गेली होती आणि ते तुंबलं होतं. गाळ उचलायला गाडीवाला बोलवावा लागला. त्याच्या अकरा खेपा झाल्या, साठ रुपये खेप, एकूण सहाशे साठ. पाचशे दिले आहेत. एकशे साठ रुपये द्यायचे राहिले आहेत.